गायरानातली नऊ खळी

गायरानात नऊ भोकं होती. प्रत्येक भोक सव्वाचार इंच रुंद, आत पत्र्याचा डबा बसवलेला. प्रत्येक भोकाभोवती सोळा फूट व्यासाचं वर्तुळ, तासून सपाट केलेलं. पहिल्या भोकापासून नवव्यापर्यंत माझी दोन हजार नऊशे दहा पावलं भरत. वाटेत सतरा बाभळी होत्या. त्यांतल्या अकरांची साल शेळ्यांची मान पोचेल तिथपर्यंत सोललेली होती. एक कोरडा ओढा दोनदा ओलांडावा लागे. मुरूम काढलेले तीन खड्डे होते. बहात्तर सालच्या दिवाळीनंतर मी हे सगळं मोजलं, तेव्हा मेलेली जनावरं सहा होती: चार गाई, एक बैल, एक वासरू. गवत नव्हतं.

हा खेळ चहाच्या साहेबांचा होता. त्यांनी आसामात चोवीस वर्षं चहाच्या मळ्यावर मॅनेजरकी केली होती. निवृत्त झाल्यावर छातीला कोरडी हवा हवी म्हणून ते आमच्या गावी काकासाहेबांच्या मळ्यातल्या बंगल्यात भाड्यानं राहायला आले. काकासाहेब गावातले मोठे बागायतदार. पंचायतीत त्यांचाच शब्द चाले, आणि तालुक्यात पहिल्यांदा यंत्रानं बोअर घेतली तीही त्यांनीच. एकशेऐंशी फुटांवर त्यांना पाणी लागलं होतं. गायरानात साहेबांनी भोकं पाडली तर कुणाचं काय जातं, असं ते म्हणाले, आणि मग कुणाचं काही गेलं नाही. गाव त्या खेळाला 'साहेबाच्या गोट्या' म्हणायचं. साहेब लोखंडी टोकाच्या काठीनं पांढरा चेंडू मारत, त्याच्यामागं चालत जात, पुन्हा मारत, आणि शेवटी तो भोकात ढकलत.

साहेबांची अडचण त्या नऊ वर्तुळांची होती. तिथं चेंडू उडवायचा नसतो, जमिनीवरून घरंगळवायचा असतो, आणि मुरमाड जमिनीवर तो कुठंही जाई. आधी त्यांनी वाळूत जळकं तेल मिसळून पसरलं. दोन वावटळींत ती वाळू उडाली.

आमचं रान गायरानाला लागून. एका सकाळी साहेब पाण्याचा तांब्या मागायला आमच्या अंगणात आले आणि तांब्या हातात धरून खालीच बघत राहिले. आईनं, बनुबाईनं, नुकतंच सारवलं होतं. साहेबांनी खिशातून चेंडू काढला, गुडघ्यावर बसले आणि तो अंगणात हलकेच सोडला. चेंडू सरळ गेला, जात्याला टेकला आणि थांबला. आईनं पदर तोंडाला लावला. एवढा मोठा माणूस रांगतोय म्हणून तिला हसू येत होतं. साहेबांनी तोच चेंडू सात वेळा सोडला.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब त्यांना घेऊन आले. नऊ वर्तुळं दर शनिवारी सारवून द्यायची, मजुरी काय घेणार, असं त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं. माझे वडील गहिनीनाथ, त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना लिंबांकडं बघत होते.

"पैसं नगं. पानी द्या," नाना म्हणाले.

काकासाहेब हसले. "पैशापरीस महाग मागितलंस की गहिनी."

आमची बासष्ट लिंबं होती, तीन वर्षांची. नानांनी खड्डे घेताना पहारीनं खडक फोडला होता, आणि पुढच्या साली पहिला बहार धरायचा होता. विहीर दसऱ्यालाच उघडी पडली. तळाला हिरवट चिखल आणि त्यात एक मेलेला सरडा. टँकर एका घराला दिवसाला दोन घागरी देई, त्या घरातच संपत. मी नगरला बी.एस्सी. केलं होतं, नोकरी नव्हती, म्हणून हिशेब माझ्याकडं होता. पाचटाचं आच्छादन दिलं तर एका झाडाला चार दिवसांनी एक घागर, म्हणजे आठवड्याला एकशेसाडेआठ घागरी. काकासाहेबांनी एका खळ्याला बारा घागरी कबूल केल्या. नऊ बारे एकशेआठ. सारवणाचं पाणी वेगळं, ते बंगल्यातून यायचं: एका वर्तुळाला चार, एकूण छत्तीस.

'खळं' हा शब्द आईचा. गोल, सारवलेलं, मध्ये खूण. तिला ते ज्वारी मळायचं खळंच वाटलं. त्या वर्षी गावात एकही खरं खळं कुणी केलं नव्हतं, कारण मळायला काही नव्हतं.

शेण दीड मैलावरच्या छावणीतून आणावं लागे. आमची गायही तिथंच होती. छावणीत जनावरांना उसाचं वाढं मिळे, नाहीतर वाळला पाला. त्यानं शेण पातळ पडे, पिवळट, आंबूस वासाचं, त्यात पचलेलं काही नसे. आई आणि माझी वहिनी चांगुणा पाटीत ते भरून डोक्यावरून आणत. पाटीच्या विणीतून पाणी गळे, कानामागून मानेवर येई आणि तिथं वाळे. भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला राहिला होता, पंधरा दिवसांनी येई. वहिनीला पाचवा महिना होता. तिला आधी मातीचे डोहाळे लागले होते. आता पाटी उतरवली की ती बांधाआड जाऊन ओकत असे, आणि तोंड धुवायला पाणी नको म्हणून पदरानं पुसत असे.

मिश्रणाचं प्रमाण मी काढलं. एक फळी अर्धा फूट उंच टेकवून तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि तो किती जातो ते मोजायचं. नुसत्या शेणावर अकरा फूट दोन इंच. शिवाय ते वाळल्यावर भेगाळे. तीन भाग शेण आणि दोन भाग पांढरी माती, सतरा फूट चार इंच. त्यात मूठभर राख घातली तर एकोणीस फूट. बोटांचे वळ उमटले की चेंडू वळांच्या बाजूनं ओढला जाई, म्हणून शेवटचा हात ओल्या गोणपाटाचा. साहेबांना मी आकडे दाखवले. त्यांनी वही उघडून त्यात ते उतरवून घेतले आणि मला बी.एस्सी. म्हणायला लागले. मला बरं वाटलं. ते खोटं सांगण्यात अर्थ नाही.

शनिवारी पहाटेपासून दुपारपर्यंत त्या दोघी नऊ खळ्यांवर गुडघे टेकून मागं सरकत जात. मी पाणी वाही. गुडघ्याखाली मुरूम टोचे, लुगडं शेणानं ताठ होई. छत्तीस घागरी जमिनीवर ओतल्या जात आणि वाळत. टँकरच्या रांगेला जाणाऱ्या बाया वाटेवर थांबून बघत. पहिल्या शनिवारी त्या हसल्या. चौथ्या शनिवारी त्यांतली एक, आईच्याच वयाची छबूबाई, म्हणाली, "बनुबाई, दगुडधोंड्याला अंघुळ घालतीस व्हय गं? आमच्या लेकरांस्नी बी घाल एक तांब्या." आईनं मान वर केली नाही. त्यानंतर छबूबाई आमच्या दारात आली नाही.

आईला दुसरंच काही खुपत होतं. सारवलं की त्यावर रांगोळीची दोन बोटं ओढायचीच. नुसती सारवलेली भुई फक्त मयत हलवलेल्या जागी सोडतात. ती दर शनिवारी अशी नऊ भुया सोडून येत होती. मी तिला सांगितलं होतं की दाण्यानं चेंडू अडतो. तिला ते पटलं, पण शेवटच्या खळ्यावरून उठताना ती दर वेळी वहिनीच्या पोटाकडं बघे आणि काहीतरी पुटपुटे.

रविवारी पुण्याहून गाडी येई. दातांचे एक डॉक्टर, एका कंपनीचे साहेब, कधी आणखी कुणी. चहाचे साहेब त्यांना गायरान दाखवत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज येई. पुण्यात हिरवळीवर कुणीही खेळेल, ते म्हणत. तिथं माळी ठेवलेत, झारीनं पाणी घालतात, जमीन लाडावलेली असते. इथली जमीन तुम्हाला काही देत नाही. दगड जिथं पडलाय तिथं पडलाय. हा खेळ मुळात धनगरांचाच, समुद्राकाठच्या माळावरचा, आणि आपण तो मुळापाशी आणलाय. पाहुणे माना डोलावत. पहिल्या रविवारी हसणारे डॉक्टर तिसऱ्या रविवारी म्हणाले की आता मला क्लबात खेळवत नाही, गादीवर चालल्यासारखं वाटतं.

एकदा साहेबांनी खाली वाकून जमिनीवर पंजा ठेवला. "यंदा मैदान फार सुरेख झालंय," ते म्हणाले. "गेल्या वर्षी कुसळी गवत होतं, चेंडू हरवायचे. आता बघा, शंभर फूट नुसता धावतो."

ते खरं होतं. मी मोजलं होतं. एकशेसात फूट.

पाचव्या भोकाच्या वाटेवर तो बैल होता. कातडं आधीच सोलून नेलेलं, कुत्र्यांनी आणि गिधाडांनी बाकीचं संपवलेलं. पिंजरा उभा राहिला होता. एका रविवारी कंपनीच्या साहेबांचा चेंडू त्या बरगड्यांत जाऊन बसला. आत अजून काळी सालपटं चिकटलेली होती, आणि माश्या एकदम उठून पुन्हा बसल्या. चौघे भोवती उभे राहिले आणि वाद सुरू झाला. हाड ही नैसर्गिक गोष्ट आहे का? ते सुटं आहे की जमिनीला जडलेलं? सुटं असेल तर उचलता येईल, जडलेलं असेल तर चेंडू आहे तिथूनच मारावा लागेल. डॉक्टरांनी बुटानं एक बरगडी हलवून पाहिली. ती हलली नाही. मग ते इतके हसले की त्यांना कमरेवर हात ठेवावे लागले. कंपनीच्या साहेबांनी नाकाला रुमाल बांधला आणि बरगड्यांतून काठी घालून चेंडू मारला. तो बाहेर आला तेव्हा त्याला काहीतरी ओलं लागलं होतं. प्रत्येक खळ्यापाशी चेंडू धुवायला एक बादली भरून ठेवलेली असे. त्यांनी तो धुतला आणि बादली ओतून दिली.

तो बैल नामदेव मिस्तरी नावाच्या सुताराचा होता. त्याच्या बायकोला आईनं दुसऱ्या दिवशी भाकरीचं पीठ नेऊन दिलं. काय झालं ते सांगितलं नाही.

मी त्या दिवशी घरी जेवलो नाही. पण पुढच्या रविवारी गेलो. पाणी होतं म्हणून गेलो, हे खरं, आणि एवढंच खरं नाही. मला तो खेळ आवडायला लागला होता. एकदा पाहुणे निघून गेल्यावर साहेबांनी माझ्या हातात काठी दिली, माझे अंगठे एकमेकांवर ठेवले आणि म्हणाले, मान हलवू नकोस. पहिल्या दोन वेळा मी माती उडवली. तिसऱ्या वेळी हाताला काही लागल्यासारखंच वाटलं नाही. फक्त एक कोरडा, स्वच्छ आवाज झाला आणि चेंडू ओढ्यावरून, बाभळींवरून, त्या पिंजऱ्यावरून गेला. तो वर असताना मला त्याचा मार्ग कागदावर काढल्यासारखा दिसत होता. एकशेएकोणसाठ पावलं. मी ती धावत जाऊन मोजली. परत येताना बांधावर नाना उभे होते. त्यांनी पाहिलं होतं. ते लिंबांकडं वळले.

लिंबं मात्र टिकली होती. गावातल्या बाकीच्या बागांची पानं माघातच गळाली. आमची पानं कडेनं वळली, पण हिरवी राहिली. नाना दर झाडापाशी बसून आळ्यातलं पाचट उचलत, खालची माती चिमटीत घेऊन दाबून बघत आणि पुन्हा झाकत. बासष्टच्या बासष्ट. संध्याकाळी ते हा आकडा आईला सांगत, ती जणू विचारणारच होती.

होळीच्या आधीच्या रविवारी मोठा सामना ठरला. पुण्यामुंबईहून आठ जण येणार होते, शिवाय एका इंग्रजी साप्ताहिकाचा फोटो काढणारा. चांदीचा कप आणला होता. शेवटचं खळं टेकाडापलीकडं, आमच्या बांधालगत. तिथं मांडव घालून, टेबल मांडून काकासाहेब स्वतः पाहुण्यांना कप देणार होते. शनिवारी साहेबांनी मला दिवसभर वाटेवरचे दगड चुन्यानं रंगवायला लावलं. मी नवव्या खळ्याकडं फिरकलो नाही.

रविवारी मी पहिल्या भोकापासून गुण लिहीत चाललो होतो. आठ खळी झाली तेव्हा चहाचे साहेब आणि दातांचे डॉक्टर बरोबरीत होते. आम्ही टेकाड चढून वर आलो आणि मला खळं दिसलं.

आईनं रांगोळी काढली होती. दोन बोटं नव्हे. भोक मध्ये धरून आठ पाकळ्यांचं कमळ, भोवती वेल, वेलीला ठिपके, सगळं मिळून पाच फूट रुंद. दगडाची पूड तिनं स्वतः उखळात कुटली असणार. पाहुणे यायचे, काकासाहेब यायचे, आपल्या बांधाला कार्य व्हायचं आणि भुई बोडकी ठेवायची, हे तिच्यानं झालं नव्हतं. ती मांडवाच्या बाजूला वहिनीला घेऊन उभी होती. दोघींनी धुतलेली लुगडी नेसली होती. धुवायला पाणी कुठून आणलं ते मला कळलं नाही.

फोटो काढणारा धावत पुढं गेला. त्याला काय करू आणि काय नको असं झालं. तो जमिनीवर पालथा पडला, उभा राहिला, टेबलावर चढला. पाहुणे म्हणाले की हे असं जगात कुठं नसेल. आईनं वहिनीला कोपरानं ढोसलं.

डॉक्टरांचा चेंडू भोकापासून वीतभर होता. त्यांनी तो आत ढकलला. साहेबांचा चेंडू पाच फुटांवर, आणि मध्ये कमळाची एक पाकळी. तो गेला तर बरोबरी, नाही तर हार. कंपनीचे साहेब म्हणाले की सुटी माती बाजूला करायला नियमाची हरकत नाही, झाडून घ्या. साहेबांनी हात वर केला. मैदान जसं आहे तसंच खेळायचं, हीच इथली गंमत, ते म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले. चेंडू निघाला, सरळ निघाला, पाकळीवर चढला, तिथं त्याची गती मेली आणि तो डावीकडं घसरून भोकाच्या कडेपलीकडं गेला.

टाळ्या डॉक्टरांसाठी झाल्या. साहेब तसेच वाकलेले होते. मग त्यांनी मला हाक मारली.

"बी.एस्सी., हे कशानं झालं?"

मी वही खाली ठेवून गुडघ्यावर बसलो. सारवण ताजं होतं, चेंडूचा माग पुसट पण स्पष्ट होता. मी खिशातली पट्टी काढली. रांगोळीपर्यंतचा माग दोऱ्यासारखा सरळ होता, मी दोरी लावून पाहिली. तिथून पुढं तो फुटला होता. दाणे जाड होते, उखळात कुटलेले. मी एक बोटावर घेऊन पाहिला. शेवटच्या टप्प्यात चेंडूची गती इतकी कमी असते की एवढा दाणाही पुरतो, असं मी सांगितलं. किती ढळला ते मोजलं आणि तेही सांगितलं. सव्वादोन इंच. रांगोळी नसती तर चेंडू भोकाच्या मधोमध गेला असता. मला उत्तर सापडलं होतं आणि ते बरोबर होतं. मान वर केली तेव्हा सगळे माझ्या डोक्यावरून आईकडं बघत होते.

"पुसा ते," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही.

आई पुढं आली. कुंचा नव्हता. तिनं आधी हातानं लोटायला सुरुवात केली, मग पदर घेतला. पाहुणे बाजूला झाले, पण थोडेच, त्यांच्या बुटांच्या मधून ती सरकत होती. एक जण उकडलेलं अंडं सोलत होता. टरफलं सारवणावर पडली तशी तिनं तीही पदरात घेतली. वहिनी मदतीला वाकायला लागली तर आईनं तिला नुसतं बघून थांबवलं.

पुसून झालं आणि फोटो काढणारा परत आला. बाई रांगोळी काढत असतानाचा फोटो राहिला, तो म्हणाला, पुन्हा काढायला सांगा. काकासाहेबांनी आईला खूण केली. आईनं साहेबांकडं बघितलं. साहेब दुसरीकडं बघत चहा पीत होते. तिनं कनवटीला बांधलेली रांगोळीची पुरचुंडी सोडली, आणि पुसल्या जागी पुन्हा एक पाकळी काढली. तिच्या बोटातून रेघ कधी तुटत नसे. त्या दिवशी ती तीनदा तुटली. त्यानं तीन फोटो काढले. मग कुणीतरी त्यावरून टेबल ओढत नेलं.

पुढच्या शनिवारी आम्ही शेण घेऊन गेलो तर पहिल्या खळ्यावर वाळू आणि तेलाची पिंपं उतरवलेली होती. तेल आता डॉक्टर पुण्याहून पाठवणार होते. वाळू बसावी म्हणून मुंबईहून कसलंसं डांबर यायचं होतं. आईनं पाटी उतरवली नाही. ती तशीच मागं फिरली, आणि शेणाचं पाणी तिच्या पाठीवरून ओघळत गेलं.

नाना काकासाहेबांकडं गेले. मी बरोबर गेलो. काकासाहेब बोअरच्या हौदाशी बसले होते, हौद काठोकाठ होता. नानांनी चप्पल लांब काढली. बायकोची चूक झाली, म्हणाले. ती अडाणी, तिला मान द्यायचा होता. निम्मं पाणी द्या, एका खळ्याचं द्या, मी हौद घासतो, जनावरांचं करतो. काकासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नानांना बसायला पोतं दिलं. चार पाहुण्यांत त्यांची शोभा झाली होती, साहेब दोन दिवस जेवायला आले नव्हते, आणि पाणी कोणत्या नावानं द्यायचं, उद्या सगळं गाव मागेल, असं ते सांगत राहिले. शेवटी त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"माझं एक वेळ सोड. तुज्याच पोरानं पट्टी लावून दाखवलं न्हवं, सव्वादोन इंच? मी आता काय बोलू गहिनी?"

घरी अंगणात आल्यावर नानांनी विचारलं, "तू मापलं हुतं?"

"व्हय."

"बराबर मापलं का?"

"बराबर."

त्यांनी मान हलवली आणि खुरपं घेऊन बागेत गेले.

पहिल्या आठवड्यात पानं दुमडली. दुसऱ्या आठवड्यात ती गळायला लागली, हिरवी असतानाच. भांडी विसळलेलं आणि आंघोळीचं पाणी मिळून रोज एक घागर होई. आई ते घेऊन बागेत जाई आणि कुठल्या झाडाला घालावं हे न कळून तशीच उभी राही. मी सांगितलं की चार झाडं निवडू, बाकी सोडू. मी सावलीची आणि खोल मातीची चार निवडून त्यांच्या बुंध्याला चुना लावला. नाना त्या चुन्याकडं बघत आणि पाणी दुसऱ्याच कुठल्यातरी झाडाला घालत. शेवटी एक घागर बासष्ट ठिकाणी तांब्यातांब्यानं फिरायला लागली. जमीन वरवर ओली दिसे आणि उन्हात तडकून जाई. खाली काही पोचत नव्हतं. मी हे आकड्यांत मांडून दाखवलं. नानांनी ऐकून घेतलं.

त्या काळात रविवारी बांधापलीकडून चेंडूचा आवाज येई. डांबरी वाळूचा वासही येई. वहिनीला तो सोसत नसे. ती दार लावून आत बसे, आणि दाराच्या फटीतूनही तो येतो म्हणे. एकदा एक चेंडू आमच्या अंगणात येऊन पडला. आईनं चिमट्यानं उचलून तो बांधावर नेऊन ठेवला, विटाळाच्या वस्तूला हात लागू नये तसा. बांधापलीकडून साहेबांनी टोपी काढून तिला धन्यवाद दिले.

चैत्रात वहिनीचे दिवस भरत आले. भाऊ खडीच्या कामावरून येऊन तिला बघून गेला. बाळंतिणीला शेक द्यायला, पाणी तापवायला सरपण लागणार होतं आणि गावात काटकी उरली नव्हती. गोवऱ्या नव्हत्या, कारण शेण आम्ही खळ्यांवर घातलं होतं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी कुदळ, टिकाव आणि पहार काढली. आई चुलीपाशी बसून होती. तिनं, आणखी आठ दिवस दम धरा, एवढंच म्हटलं. नानांनी विचारलं, कशाच्या जिवावर?

बागेत एकाही झाडावर पान नव्हतं. नानांनी नखानं एका फांदीची साल खरवडून पाहिली. आत तपकिरी. दुसऱ्याची पाहिली, तीही तपकिरी. मग पाहायचं सोडून ते बांधाकडच्या पहिल्या झाडापाशी आले. आम्ही आळं उकरलं. फूटभर खाली माती राखेसारखी कोरडी होती, टिकावाच्या घावासरशी उडून डोळ्यांत जाई. आडवी मुळं तोडताना काड्या मोडल्यासारखा आवाज आला. नाना धापा टाकत होते, त्यांच्या पाठीवर घाम येत होता आणि तिथंच वाळून पांढरा होत होता. दोन फुटांवर खडक लागला. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच पहारीनं पाडलेली चीर तिथं होती आणि सोटमूळ तिच्यात शिरलं होतं. आम्ही पहार घालून चीर रुंद केली, बुंध्याला दोर बांधला आणि दोघांनी ओढला. चौथ्या हिसक्याला झाड वर आलं.

नाना खड्ड्याच्या कडेला बसले आणि टोपीनं तोंड पुसायला लागले. मी झाड आडवं केलं, मुळाची माती झटकली आणि पट्टी लावली. सोटमूळ चार फूट एक इंच भरलं. शेवटचा सव्वा इंच ओला होता.